मासेमारी : निरंक

२१ जुलै, सोमवार

नवी पाहणी आली. आमच्या सांख्यिकी कार्यालयासाठी आजवर मी शिलाई मशिनं मोजली, शौचालयं मोजली, दुकानांच्या पाट्या मोजल्या. आता लोकांचा विरंगुळा मोजायचा आहे. गेल्या बारा महिन्यांत घरातल्या कोणी हौसेखातर शिकार, मासेमारी किंवा पशुपक्षी बघणं यातलं काही केलं का, असं दारोदार विचारायचं. प्रश्नावली कुठल्या तरी परदेशी पाहणीवरून उचललेली दिसते, नाहीतर लालबागच्या माणसाला शिकारीबद्दल कोण विचारतंय? चिंतामणी साहेबांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "मेघना, प्रश्न वरून आलेत. आपण फक्त उत्तरं न्यायची."

हे आकडे शिवडीकडच्या किनाऱ्याच्या सुशोभीकरणाला वापरणार आहेत. जुन्या दगडी धक्क्याचं काय करायचं, तेही त्यावरून ठरेल म्हणे. माझ्या वाट्याला परळ, लालबाग, भोईवाडा आणि दादरच्या काही इमारती. शुक्रवारी सुरुवात, गणपतीआधी संपवायचं.

साहेबांनी नेहमीचा मंत्र दिला. सूचक प्रश्न विचारायचा नाही, आपल्याला माहीत असलं तरी ते लिहायचं नाही, समोरचा सांगेल तेच टॅबमध्ये टाकायचं. हा नियम मला मनापासून आवडतो. आमच्या ऑफिसातल्या गौतमला तो जमत नाही. तो लोकांशी गप्पा मारत बसतो आणि त्याच्या रकान्यांत सतरा शेरे असतात.

२३ जुलै, बुधवार

अमावस्या उद्या गुरुवारी आली, म्हणून गटारी आजच उरकली. आप्पा, म्हणजे माझे सासरे, दुपारीच त्या जुन्या धक्क्यावर गेले आणि दोन शेंगाळे मासे घेऊन आले. गिरणी बंद पडल्यापासून दर रविवारी तिथे जातात, मध्ये जमलं तर अशा आडवारीही. त्याला ते 'गरवूक जातंय' म्हणतात. काठीबिठी काही नाही. फळकुटाला गुंडाळलेली नायलॉनची दोरी, टोकाला गळ आणि शिसं. दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सोडायची आणि बसून राहायचं, मासा लागला की बोटाला कळतं. त्या बोटाला दोरीचा वळ पडलाय, तो आता जात नाही.

मी माहेरची गिरगावातली. मासे आमच्याकडेही खायचे, पण कागदात गुंडाळून बाजारातून आलेले. इथे माझ्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी आमिषाची कोळंबी असते. इतकी वर्षं झाली तरी फ्रीज उघडल्यावर माझ्या कपाळाला आठी पडतेच.

जेवताना नवऱ्याला, निलेशला, पाहणीचं सांगितलं, धक्क्याचंही सांगितलं. तो मोबाईलमध्ये होता. आप्पा काटा काढता काढता थांबले. जेवण झाल्यावर त्यांनी दोरी गोड्या पाण्यात धुतली आणि गॅलरीतल्या खिळ्याला टांगली. आता अनंत चतुर्दशीपर्यंत सुट्टी. दीड महिना फ्रीज माझा. श्रावण मला या एका कारणासाठीही आवडतो.

२८ जुलै, सोमवार

शिकारीच्या प्रश्नाने करमणूक होते आहे. लालबागच्या एका आजोबांनी विचारलं, "उंदराची चालेल का? कालच एक मारला." एका बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं, "हे रविवारी सोफ्यावर पडून असतात, त्याला काय म्हणता ते लिहा." मी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं.

मासेमारीलाही 'नाही' येतंय. बहुतेक घरी दार उघडतं तेव्हा आत उदबत्तीचा आणि उपासाच्या साबुदाण्याचा वास. प्रश्न संपायच्या आत बाया हात हलवतात. "नाही हो, आमच्यात नाही." मी 'गेल्या बारा महिन्यांत' हे शब्द प्रत्येक वेळी ठळक वाचते, त्यात माझ्याकडून कसूर नाही.

काम झपाट्याने होतंय. 'नाही'ला पुढचे प्रश्न नसतात.

३१ जुलै, गुरुवार

आप्पा गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले असतात आणि त्यांचं ते बोट खुर्चीच्या हातावरून पुढे आलेलं असतं, जरासं वाकलेलं. आज विचारलं, "दुखतंय का?" त्यांनी पटकन मुठीत घेतलं. "नाय गो." वयाने सांधे धरले असणार. रात्री बाम चोळून दिला. गणपती झाल्यावर डॉक्टरला दाखवायला हवं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज जरा खटकलं, म्हणून लिहून ठेवते.

यादीत दौलतकाकांचं घर आलं. आप्पांचे धक्क्यावरचे सोबती, एकाच गिरणीतले. रविवारी पहाटे खालून शीळ घालून आप्पांना बोलावतात, ती ऐकून माझी झोप मोडते. आज ते सोवळं नेसून पोथी वाचत होते, शेजारी काकू वाती वळत होत्या. मी सगळे प्रश्न वाचले. मासेमारीच्या प्रश्नाला काकांनी पोथीवरची नजरही काढली नाही. "नाही."

मी विचारलं, "कोणीच नाही?"

काकू म्हणाल्या, "अगं मेघना, पोथी चाललीय. कसले प्रश्न विचारतेस?"

मला माहीत होतं की हे खरं नाही. पण आपल्याला माहीत असलेलं लिहायचं नसतं. आज मी दौलतकाकांचं लिहिलं, तर उद्या कोणाचंही लिहीन, मग पाहणी कसली? 'नाही' दाबलं आणि पुढच्या दाराला गेले. मनाला थोडं लागलं, पण नियम सोयीचा असतो तेव्हाच पाळायचा, असं नसतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

दादरच्या इमारतींत फिरले. इथे लोक आत बोलावून पाणी देतात. यशोधन नावाचा तरुण भेटला, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तो गेल्या मार्चमध्ये एकदा शिवडीला रोहित पक्षी बघायला गेला होता. एकदाच गेला, पण अर्धा तास सांगत होता. दुर्बीण कुठली, कॅमेरा कुठला, बसायला नीट जागा नाही, वास किती येतो, "आणि ती माणसं गळ टाकून बसलेली असतात ना, डिस्टर्ब होतं." सगळं नोंदवलं. त्या मजल्यावर चार घरं, चारही 'हो'.

या लोकांना आपल्या हौसेबद्दल किती छान सांगता येतं, असं वाटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

आमचीच चाळ यादीत आली. स्वतःच्या घराची नोंद स्वतः करायची नसते, म्हणून उद्या गौतम येणार. ऑफिसचं माणूस पहिल्यांदा घरी येतंय. पडदे धुतले. निलेश म्हणतो, "गौतम येतोय, पंतप्रधान नाही."

गॅलरीतली ती दोरी, फळकूट, गंजलेल्या गळांचा डबा, सगळं आप्पांना पलंगाखाली ठेवायला सांगितलं. दारातून आत आलं की पहिली नजर तिथेच जाते. आणि म्हटलं, "आप्पा, तो विचारेल तेवढंच सांगा. धक्क्याच्या गोष्टी काढून बसू नका. माझ्या ऑफिसात उगाच चर्चा नको."

"बरा," म्हणाले आणि लगेच उठून सगळं आवरलं. या बाबतीत माणूस फार शहाणा आहे. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मी दादरला होते तेव्हा गौतम येऊन गेला. आप्पा एकटेच होते. "चाय दिली. बरो झील आसा," गौतमबद्दल एवढंच म्हणाले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

संपलं. माझा भाग सगळ्यांच्या आधी जमा, एकही नोंद परत आली नाही. चिंतामणी साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. आमच्या भागात पक्षी बघणारे भरपूर, शिकार निरंक, मासेमारी निरंक. 'निरंक' हा शब्द मला फार आवडतो. स्वच्छ पुसलेल्या पाटासारखा दिसतो.

गौतम काहीतरी सांगायला आला होता. म्हणाला, "मेघना, हे मासेमारीचं जरा बघूया का? मला पटत नाहीये." मी म्हटलं, "पटण्याचा रकाना नाही त्यात." सगळे हसले, तोही हसला.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज पहाटे खालून शीळ. आप्पा जिन्यावरून असे उतरले की मला वाटलं पडतील. दुपारी तीन बोईट, एक शेंगाळा. बोटाचं विचारलं तर म्हणाले एकदम बरं आहे. बाम लागू पडला म्हणायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

आप्पा सकाळी नऊलाच परत आले. पिशवी रिकामी. "आज काय गावला नाय," म्हणाले आणि चहाही न घेता गॅलरीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने दौलतकाका वर आले तेव्हा कळलं. धक्क्यावर पत्रे ठोकलेत आणि पाटी लागलीय. पक्षी निरीक्षणासाठी राखीव, मासेमारीस सक्त मनाई. रखवालदार बसवलाय. काकांनी त्याच्याशी भांडण केलं. तो म्हणाला, "काका, इथे कोणी मासे पकडतच नाही असा सर्वे झालाय. तुम्ही आज नवीन आलात का?"

हे सांगताना काका हसत होते. "नवीन म्हणे. नवीन." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. मी स्वयंपाकघरात गेले. काय करावं सुचेना, म्हणून धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांना भेटले. म्हटलं, आपला आकडा चुकलाय, तिथे माणसं बसतात, माझ्या घरातला माणूस बसतो. त्यांनी चष्मा काढला.

"मग पाहणीत तसं का आलं नाही?"

"लोकांनी नाही सांगितलं."

"आणि तू तेच लिहिलंस. बरोबर केलंस." ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. "एक जरी 'हो' असता ना मेघना, तरी तो रकाना उघडा राहिला असता. समितीला त्या लोकांचं म्हणणं ऐकावं लागलं असतं. निरंक आला की तो रकाना अहवालातूनच गळतो. आता पुढची पाहणी पाच वर्षांनी."

पाच वर्षांनी आप्पा त्र्याऐंशीचे होतील.

बाहेर पडताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. पाहणी कधी झाली? पंचवीस जुलै ते बावीस ऑगस्ट. सबंध श्रावण. ज्या महिन्यात आमच्या घरात माशाचं नाव काढत नाहीत, त्या महिन्यात मी दारादारात उभी राहून विचारत होते, मासे पकडता का? उदबत्तीचा वास मलाच येत होता. फ्रीज मोकळा झाला म्हणून मीच खूश होते. मुंबईबाहेरच्या कोणाला हे कळलं नसतं तर समजू शकले असते. मी भोईवाड्यात नांदते.

२३ नोव्हेंबर, रविवार

राहवेना, म्हणून लालबागला काही घरी पुन्हा गेले. टॅब नाही, ओळखपत्र नाही, नुसती पर्स घेऊन. उंदीरवाल्या आजोबांच्या घरात तळणीचा वास सुटला होता. "मासे? आमचा दीर जातो की दर रविवारी शिवडीला. आता बंद केलंय मेल्यांनी," सूनबाई म्हणाली.

"मग तेव्हा नाही का म्हणालात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, श्रावणी सोमवार होता. सासूबाई देवापुढे बसलेल्या. दारात उभं राहून माशाच्या गोष्टी करू?"

पुढच्या घरचा माणूस म्हणाला, "तुम्ही हौस विचारलीत. हौस कसली, आम्ही आणतो आणि खातो." तिसऱ्या घरी म्हणाले, "आम्हाला वाटलं श्रावण पाळतो की नाही ते बघायला आलात." ही तर फारच खरी गोष्ट होती, कारण मी मान डोलावून 'नाही' लिहिताना माझ्या चेहऱ्यावर तसंच काही असणार.

दौलतकाकांकडे शेवटी गेले. म्हटलं, "काका, मला माहीत होतं. मी लिहायला हवं होतं."

काका म्हणाले, "पोथी हातात असताना मी खोटं बोललो, बाय. पाप माझं. तू कशाला घेतेस?"

काकूंनी पेलाभर सरबत दिलं. कोणीतरी चार शब्द सुनवावेत म्हणून मी दारोदार फिरत होते, आणि जो तो मला सरबत देत होता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज जेवणाच्या सुट्टीत गौतमला विचारलं. हे आधीच विचारायला हवं होतं. तो माणूस लोकांशी गप्पा मारतो, त्याला आमच्या घरात काहीच कसं कळलं नाही?

गौतमने डबा बाजूला सारला. "कळलं होतं. तुझ्या सासऱ्यांनी 'नाय' सांगितलं, पण सदऱ्याच्या खिशाला गळ अडकलेला होता. मी हसून म्हटलं, आजोबा, हे काय? तर गडबडीने काढून मुठीत धरला. बोटाला टोचला असणार. मग विचारतात, 'ह्या कागदात मेघनाचा नाव येतला काय?' मी म्हटलं, नाव नाही येत, पण घर कोणाचं ते ऑफिसात कळतं. त्यांनी मूठ खिशात घातली. मग म्हणाले, 'मगे नाय म्हणान लिव.'"

मी माझ्याही डब्याचं झाकण लावलं.

"मी तेव्हा तुला सांगायला आलो होतो, आठवतं? तू म्हणालीस, पटण्याचा रकाना नाही."

एक 'हो' हवा होता. तो माझ्या घरात होता. पडदे धुऊन, फळकूट पलंगाखाली सरकवून, मीच त्याला सांगितलं होतं की गप्प राहा. आणि ज्या आप्पांना धक्का जाऊ शकतो हे जेवणाच्या ताटावर ऐकून माहीत होतं, त्यांनी माझं ऐकलं. मला ऑफिसात कोणी हसू नये म्हणून.

सगळ्या लालबागच्या श्रावणावर मी खापर फोडू शकते. या एका 'नाही'वर नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज शीळ नाही. साडेपाचला जाग आली आणि पडून राहिले. आप्पांच्या पलंगाचा आवाज आला, तेही जागे होते.

संध्याकाळी धीर करून म्हटलं, "आप्पा, गौतमने मला सांगितलं. तुम्ही 'हो' का नाही म्हणालात?"

ते दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "तू पडदे धुतलंस ना गो."

मी म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, "जावंदे. तुझा काम तू केलंस." मग त्यांनी टीव्ही लावला. ते मला माफ करतायत की विषय संपवतायत, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही नव्हती.

१४ डिसेंबर, रविवार

समितीला तीन अर्ज केले, स्वतःच्या नावाने. साहेब म्हणाले, नोकरीत आहेस, जपून. तिन्हींची पोच आली. उत्तर नाही. निलेशने दुसरी जागा शोधली, वरळीच्या खडकांवर. आप्पांना टॅक्सीने नेलं. खडक निसरडे, तिथे त्यांचं कोणी ओळखीचं नाही. दहा मिनिटांत म्हणाले, घरी जाऊया.

फ्रीज रिकामा असतो. मी आज बाजारातून आमिषाची कोळंबी आणली आणि दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली. कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. आप्पांनी पाहिली आणि म्हणाले, "ही लहान आसा, आमटीत टाक."

११ जानेवारी, रविवार

आप्पांना धक्क्यावर घेऊन गेले. बघायला जायला कोणाला मनाई नाही. आमच्या चाळीच्या जिन्याचा कठडा चार वर्षं मोडलेला आहे, पण इथे दोन महिन्यांत स्टीलचा कठडा, बाक, पक्ष्यांची चित्रं असलेला फलक, सगळं उभं राहिलंय. माणसं कॅमेरे घेऊन आली होती. लांब चिखलात रोहित उभे होते. छान दिसत होते, ते मी नाकारत नाही.

रखवालदाराने आप्पांची पिशवी उघडून पाहिली. आत पाण्याची बाटली आणि रुमाल. मला इतकी लाज वाटली की मी दुसरीकडे बघत राहिले. आप्पांनी मात्र हात वर करून दाखवले आणि म्हणाले, "काय नाय रे बाबा, बघूक इलंव." मग चालत चालत कठड्याच्या टोकाला गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. पूर्वी ते नेमके तिथेच बसायचे, हे मला आज कळलं. मी एवढ्या वर्षांत एकदाही आले नव्हते.

भरती चढत होती. लोक पक्ष्यांकडे बघत होते. आप्पा खाली पाण्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात कठड्यावर आला आणि पहिलं बोट पुढे झालं, जरासं वाकलेलं, वळाची बाजू पाण्याकडे. तसंच, जसं सगळा श्रावण खुर्चीच्या हातावर असायचं. आणि मी त्याला बाम चोळत होते.

मी विचारलं, "आप्पा, बोट दुखतंय?"

या वेळी त्यांनी ते मुठीत घेतलं नाही. "दुखत नाय गो," म्हणाले. "लागता काय बघतंय."

रखवालदार सहाला शिट्टी वाजवतो तेव्हा सगळ्यांना उठावं लागतं. तोपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून होतो.